गच्चीवरची टाकी आणि प्रत्येक नळाला वेगळा पाइप

प्रश्न: नाशिकला आमचं दोन मजली घर बांधून होत आलंय. स्लॅब आणि वीटकाम झालं, गिलावा बाकी आहे. खाली एक बाथरूम, स्वयंपाकघर आणि मागे धुण्याची जागा. वर दोन बाथरूम. पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात बोअरचंही. दोन्ही गच्चीवरच्या टाकीत चढवतो. गच्चीवर काचनळ्यांचा २०० लिटरचा सोलर बसवणार आहोत. जर्मनीत राहणारा माझा भाचा म्हणतो, "मामा, जिन्याखाली एक मॅनिफोल्ड, म्हणजे एका जाड नळीला प्रत्येक लाइनसाठी व्हॉल्व्हचं वेगळं तोंड असलेली पट्टी, बसवा आणि तिथून प्रत्येक नळाला एकसंध लवचीक पाइप न्या. भिंतीत सांधाच नको." आमचे प्लंबर म्हणतात, त्या बारीक पाइपातून वरच्या मजल्यावर धड पाणीच येणार नाही, नेहमीचा कडक प्लास्टिकचा सीपीव्हीसीच करू. कुणाचं ऐकू? आणि हे पाइप घ्यायचेच झाले तर काय काय पाहून घेऊ?

उत्तर: नमस्कार.

भाचा सांध्यांबद्दल बरोबर आहे आणि प्लंबर दाबाबद्दल. दोघांच्या मध्ये उभी आहे ती तुमची टाकी. म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन गच्चीवर जा आणि एकच अंतर काढा: टाकीच्या तळापासून वरच्या मजल्यावरच्या शॉवरपर्यंत सरळ उभं किती भरतं?

समजा टाकी गच्चीवर दीड मीटरच्या ओट्यावर आहे, मजल्याची उंची ३ मीटर आणि शॉवर फरशीपासून २.१ मीटरवर. म्हणजे वरच्या शॉवरला मिळाले २.४ मीटर. १० मीटर उंच पाण्याचा दाब साधारण १ बार. त्या हिशेबाने वर पाव बारही नाही, आणि खालच्या मजल्यावर ५.४ मीटर म्हणजे अर्ध्या बारच्या किंचित वर. भाच्याकडे पाणी रस्त्यावरच्या लाइनमधून थेट काही बार दाबाने घरात शिरतं. मॅनिफोल्डची ही सगळी पद्धत तसा दाब गृहीत धरून वाढली आहे.

आता पाइपाचं पाहा. सर्रास मिळतो तो १६ बाय २, म्हणजे बाहेरून १६ मिमी, भिंत २ मिमी, आत पोकळी फक्त १२ मिमी. त्यातून मिनिटाला ६ लिटर पाणी वाहायला लागलं की दर १० मीटर लांबीला जवळपास १ मीटर उंची घर्षणातच जाते. मिनिटाला १२ लिटर मागितले तर तेवढ्याच लांबीला साधारण ३.४ मीटर. तुमच्याकडे मुळात २.४ आहेत! जिन्याखालून वरच्या बाथरूमपर्यंत पाइप १२-१५ मीटर सहज होतो. त्यामुळे जिन्याखाली एकच मॅनिफोल्ड आणि तिथून सगळीकडे १६ मिमी पाइप, ही आखणी टाकीच्या दाबावर चालवू नका. प्लंबरचा अंदाज इथे शंभर टक्के खरा ठरेल: खाली बादली भरत असेल आणि वर शॉवरची धार ओघळेल.

तोच पाइप ४ मीटर ठेवला तर मात्र ६ लिटरला ४० सेंटिमीटरच जातात. आणि २० बाय २ घेतला, ज्याची पोकळी १६ मिमी आहे, तर १२ लिटरलासुद्धा १० मीटरमागे ८५-९० सेंटिमीटर. म्हणून तुमच्या घराला शोभेल ती रचना अशी: गच्चीवरून जाड मुख्य लाइन खाली आणायची आणि प्रत्येक बाथरूमला त्याचा छोटा मॅनिफोल्ड द्यायचा. स्वयंपाकघर आणि धुण्याच्या जागेला मिळून एक. तिथून पुढचे पाइप ३-४ मीटरचे, एकसंध. वरच्या मजल्यावरचा शॉवर आणि गीझरची थंड लाइन २० मिमी, बाकी सगळं १६ मिमी. मुख्य लाइन टाकीपासून सव्वा इंची आणि प्रत्येक बाथरूमकडे वळताना एक इंची; इथे सीपीव्हीसी उत्तम चालतो आणि तुमच्या प्लंबरचा हातही त्यावर बसलेला आहे. ही लाइन शाफ्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या मोकळ्या जागेत) उघडी ठेवा, भिंतीत गाडू नका. गच्चीवर ऊन लागतं तेवढ्या भागाला उन्हात टिकणारा रंग किंवा आवरण द्या.

टाकीच्या उंचीत अजून एक कमाई दडलेली आहे. तुम्ही बसवणार आहात तो बिनदाबाचा सोलर, आणि त्याला पाणी देणाऱ्या थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर असावा लागतो. म्हणजे ओटा तसाही उंच करावाच लागणार. तो दीडऐवजी अडीच मीटर केला तर वरच्या शॉवरला २.४ चे ३.४ मीटर मिळतात, आणि पंपाचा खर्च कदाचित टळतो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, तेव्हा ओटा कुठल्या बीमवर टेकवायचा ते तुमच्या इंजिनिअरकडून लिहून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

प्रेशर पंप लावावा का? वर मोठा छताचा शॉवर आणि भिंतीतला सिंगल लिव्हर डायव्हर्टर (एकाच दांडीने थंड-गरम मिसळून पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा) हवा असेल तर त्या डायव्हर्टरच्या खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, तो वाचा. बऱ्याच डायव्हर्टरना अर्धा ते एक बार लागतो. ओटा अडीच मीटर केला तरी वरच्या मजल्यावर तेवढा येणार नाही. मग पंप घ्यावाच लागेल. दीड ते दोन बारला लावून ठेवा, त्याहून जास्त घरात उपयोगाचा नाही. पंपाला समांतर एक बायपास लाइन द्या आणि त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. वीज गेली की पाणी आपोआप उतारावरून येत राहतं. ही बायपास विसरलेली घरं पुष्कळ आहेत, आणि तिथे वीज गेली की टाकी भरलेली असून नळ कोरडे.

पण सोलर आणि पंप यांची गाठ फार जपून मारा. बिनदाबाच्या सोलरच्या टाकीला वर हवेचा पाइप असतो. ती टाकी पंपाचा दाब सोसत नाही. पंप फक्त थंड लाइनला लावला की मिक्सरमध्ये थंड पाणी गरम बाजूला घुसतं, उलटं वर चढतं आणि सोलरच्या हवेच्या पाइपातून गच्चीवर सांडत राहतं. गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर सांडणं थांबतं, पण गरम पाणीही येत नाही, कारण समोरचा थंड दाब त्याला वाटच देत नाही. उपाय दोनच: गरम लाइनवरही गरम पाणी सोसणारा वेगळा पंप, किंवा आत हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता देणारी नळी) असलेला दाबाचा सोलर. यांतलं काहीच परवडत नसेल तर दोन्ही लाइनी टाकीच्या उतारावर ठेवा आणि शॉवर साधा घ्या. थंड-गरम दोन्हीकडे दाब सारखा असेल तर साध्या मिक्सरमधूनही पाणी सुखाने मिसळतं.

आता सांध्यांकडे येऊ, कारण भाच्याचा मुद्दा इथे मोलाचा आहे. नेहमीच्या पद्धतीत एका बाथरूमला १२ एल्बो आणि ६ टी लागले असं धरा. एल्बोची दोन तोंडं, टीची तीन. झाले ४२ सांधे, सगळे टाइल्सच्या आड. त्यांतल्या एकात सोल्व्हंट कमी पडलं, पाइप अर्धवट बसला किंवा पितळी आटे असलेलं सॉकेट पाना जास्त आवळल्याने चिरलं, की दोन पावसाळ्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि गळती नेमकी कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. मॅनिफोल्डमध्ये त्याच बाथरूमला थंडाच्या ६ आणि गरमाच्या ३ अशा ९ लाइनी धरल्या, तर भिंतीत सांधे राहतात ९, नळामागच्या एल्बोपाशी प्रत्येकी एक. बाकीचे ९ मॅनिफोल्डपाशी, डोळ्यांसमोर. भिंतीत सांधाच नाही हे अक्षरशः खरं नाही, पण ४२ चे ९ होणं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय कमोडच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला तर तेवढीच लाइन बंद करता येते, घरभर पाणी बंद करावं लागत नाही.

बाथरूममागे लाइनी कशा मोजायच्या? थंड: शॉवर किंवा मिक्सर, बादलीचा नळ, बेसिन, कमोडची टाकी, जेट, गीझर. गरम: शॉवर, बादलीचा नळ, बेसिन. सहा आणि तीन. जेट आणि कमोडची टाकी टू-वे अँगल कॉकने एकाच लाइनवर घेतली तर थंड पाच होतात. तरीही मॅनिफोल्ड सहाचाच घ्या, एक तोंड झाकण लावून मोकळं ठेवा. सरासरी ४ मीटर धरली तर एका बाथरूमला ३६ मीटर पाइप, वाया जाणारा धरून ४० ते ४५. तिन्ही बाथरूम, स्वयंपाकघर, आरओ आणि वॉशिंग मशीन मिळून सगळे आकार धरून १५० ते १७० मीटर लागेल. पाइप गुंडाळीत येतो. गुंडाळी संपत आली की उरलेल्या दोन तुकड्यांना मधे सॉकेट लावून भिंतीत घालायचा मोह कारागिराला होतो. तिथे उभं राहून अडवा. नाहीतर या सगळ्या खटाटोपाचा अर्थच गेला.

पाइप कोणता घ्यायचा? दुकानदार सगळ्यांनाच 'पेक्स' किंवा 'कंपोझिट' म्हणेल. पेक्स म्हणजे क्रॉस-लिंक केलेलं पॉलिथिलीन. ए, बी आणि सी हे बनवण्याच्या पद्धतीवरून पडलेले प्रकार. ए सर्वांत लवचीक. पण तुमच्यासाठी आमची पसंती बहुपदरी पाइपाला आहे, ज्यात आत आणि बाहेर क्रॉस-लिंक केलेलं प्लास्टिक आणि मधे ॲल्युमिनिअमचा पदर असतो. कारणं तीन आहेत. वळवला की वळलेलाच राहतो, साध्या पेक्ससारखा उसळून परत येत नाही. गरम पाण्याने फार लांबत नाही: १० मीटर लांबीला ४० अंशांचा फरक पडला तर साधा पेक्स ६ ते ८ सेंटिमीटर वाढतो, बहुपदरी साधारण १ सेंटिमीटर. आणि तिसरं कारण आपल्याकडे फार महत्त्वाचं: जोत्यात वाळवीचं औषध मारलेलं असतं. रॉकेल, थिनर आणि अशा औषधांतली द्रावकं साध्या प्लास्टिकच्या पाइपातून हळूहळू आत झिरपू शकतात, ॲल्युमिनिअमचा पदर त्यांना अडवतो. तरीसुद्धा तळमजल्यावर पिण्याच्या पाण्याचा कुठलाच लवचीक पाइप औषध मारलेल्या भरावातून नेऊ नका.

गुंडाळीवरची छपाई वाचा. बहुपदरी पाइपावर आयएसओ २१००३, साध्या पेक्सवर आयएसओ १५८७५ असं असतं. सोबत 'क्लास २' आणि '१० बार' हे शब्द शोधा. क्लास २ म्हणजे ७० अंशांच्या गरम पाण्यासाठी दीर्घकाळ, आणि ९५ अंश फक्त बिघाडाच्या वेळी, आयुष्यभरात मिळून १०० तास. आयएसआय छाप असलेला आयएस १५४५० चा पॉलिथिलीन-ॲल्युमिनिअम पाइपही बाजारात आहे. त्यात गरम पाण्याचा आणि थंड पाण्याचा असे वेगळे येतात, तेव्हा गरमासाठीचाच आहे ना, ते छपाईवरून खात्री करून घ्या. नुसतं 'पेक्स टाइप' छापलेला माल परत करा.

हाच ७० अंशांचा आकडा सोलरला आडवा येतो. एप्रिल-मे मध्ये चार दिवस गावाला गेलात की काचनळ्यांच्या सोलरमधलं पाणी ८० च्या वर सहज जातं. म्हणून सोलरपासून खाली येणारी गरम मुख्य लाइन तांब्याची किंवा जाड सीपीव्हीसीची, वर इन्सुलेशन. आणि मॅनिफोल्डच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (थंड पाणी मिसळून ठरलेल्या तापमानाचं पाणी देणारा), ५० ते ५५ अंशांना लावलेला. तो कमी दाबावर चालणारा आणि मोठ्या तोंडाचा आहे ना, हे विचारा. बारीक तोंडाचा घेतला तर उताराचा दाब तिथेच संपेल. लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरात असतील तर भाजण्याच्या दृष्टीनेही हा व्हॉल्व्ह हवाच. गीझरच्या तोंडाशी अर्धा मीटर तांबं किंवा स्टीलचा वळ्यांचा पाइप द्या, मग लवचीक पाइप सुरू करा.

मॅनिफोल्ड कुठे बसवायचा, यावर पुढची पंचवीस वर्षं अवलंबून आहेत. तयार खोकं भिंतीत ८० ते ११० मिमी आत जातं आणि बाथरूमच्या आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची, म्हणजे ११५ मिमी. खोकं बसवलं तर मागे भिंत उरतच नाही. वीटकाम झालेलं आहे, तेव्हा आमचा सल्ला: प्रत्येक बाथरूममध्ये दाराच्या वर, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत, फरशीपासून साधारण २.४ मीटरवर मॅनिफोल्ड भिंतीवर उघडाच ठोका आणि खाली दीड बाय दीड फुटाची उघडणारी झडप द्या. गळलंच तर पाणी बाथरूममध्येच पडेल आणि लगेच दिसेल. इलेक्ट्रिकचा बोर्ड त्याच्या खाली येणार नाही एवढं पाहा.

वरून खाली आणण्यात आणखी एक फायदा आहे, तो उताराच्या पाण्यात कळीचा. पाइप कुठेही वर चढून परत खाली उतरला की त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकतो. पंपाचा दाब तो ढकलून देतो, पाव बार ढकलू शकत नाही. लाइन बंद पडते आणि पाइप चोंदलाय असं वाटून भिंत फोडली जाते. मॅनिफोल्ड वर असला की सगळे पाइप तिथून सरळ नळांकडे उतरतात. गरम मॅनिफोल्डच्या टोकाला छोटा ऑटोमॅटिक एअर व्हेंट लावा, कारण तापलेल्या पाण्यातून हवा सुटत राहते आणि ती सर्वांत उंच जागी जमते.

भिंतीचाही फायदा होतो. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, हा जुना आणि चांगला नियम. साडेचार इंची भिंतीत उभी ३८ मिमी मिळते, त्यात २५ मिमीचा स्लीव्ह (पाइपाबाहेरची संरक्षक नळी) आरामात बसतो. आडवी मिळते १९. तिथे तो बसत नाही. म्हणून आडवे पाइप छतालगत, उभे भिंतीत. कॉलम, बीम आणि स्लॅबला कटर लावू द्यायचा नाही. आणि सनकेन स्लॅबच्या (बाथरूमसाठी खाली घेतलेल्या स्लॅबच्या) कोब्यातून पुरवठ्याचा एकही पाइप नको. वॉटरप्रूफिंगच्या पोटात पाइप गेला की गळती पाइपाची की कोब्याची, हा वाद कायमचा मागे लागतो.

मॅनिफोल्ड पितळी घेणार असाल तर जस्त न झिजणाऱ्या पितळाचा, ज्यावर 'डीझेडआर' किंवा 'सीआर' अशी खूण असते. बोअरचं पाणी क्षारांचं असतं. साध्या पितळातलं जस्त त्यात झिजून जातं आणि धातू सच्छिद्र, ठिसूळ होतो. उत्तर अमेरिकेत अशाच झिजणाऱ्या पितळी फिटिंगमुळे बहुपदरी पाइपांच्या घरांत गळती झाली आणि हजारो घरमालकांना कोर्टाच्या तडजोडीतून भरपाई घ्यावी लागली. पाइप कितीही चांगला घेतला तरी फिटिंग घात करू शकतं, ही त्यातली शिकण्याची गोष्ट. काचेसारख्या छोट्या नळ्यांचे फ्लो-मीटर असलेला मॅनिफोल्ड कुणी दाखवला तर तो घेऊ नका. तो थंड देशांत फरशी तापवायला वापरतात. प्रत्येक मजल्याच्या मुख्य लाइनवर, मॅनिफोल्डच्या आधी, एक इंची वाय-स्ट्रेनर, म्हणजे गाळ अडवणारी जाळी, बसवा. टाकीतला गाळ छोट्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. स्ट्रेनरची जाळी उन्हाळ्यात महिन्याला धुवा; ती तुंबली की घरभर दाब पडतो आणि दोष पाइपावर येतो.

सांधा कोणता? नट आणि रिंगचा कॉम्प्रेशन सांधा फक्त मॅनिफोल्डपाशी, जिथे पाना पोचतो. भिंतीतल्या एल्बोला प्रेस केलेला (मशीनने दाबून बसवलेला) किंवा सरकत्या कड्याचाच हवा. प्रेसमध्ये चुका तीन ठिकाणी होतात. एक, पाइप हॅक्सॉने कापला जातो; तो कातरीसारख्या कटरनेच, काटकोनात कापायचा. दोन, कापल्यावर कॅलिब्रेटर फिरवून तोंड गोल आणि आतली कड तिरपी करायची असते. ते टाळलं की फिटिंग आत ढकलताना ओ-रिंग कापली जाते. त्या दिवशी काही दिसत नाही, वर्षभराने थेंब सुरू होतो. तीन, मशीनचा जबडा. यू, टीएच, एच असे त्याचे आकार असतात आणि फिटिंग ज्या आकाराचं तोच जबडा लागतो. भाड्याने मशीन आणणाऱ्याला फिटिंगचा कॅटलॉग दाखवायला सांगा. पाइप आणि फिटिंग एकाच कंपनीचं घ्या, आणि १६ व २० मिमीचे चार-चार एल्बो आणि दोन-दोन सॉकेट जास्तीचे घेऊन घरात ठेवा. दहा वर्षांनी कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळतील याचा भरवसा नाही, सीपीव्हीसीचे मात्र मिळतील. प्लंबरच्या बाजूने हा मुद्दा खरोखरच वजनदार आहे.

पाइप टाकताना. लाल आणि निळ्या वळ्यांच्या स्लीव्हमधूनच पाइप न्या, १६ ला २५ मिमीचा स्लीव्ह. सिमेंटशी घासणं थांबतं, आणि वळणं मोठी व दोनच असतील तर उद्या जुना पाइप ओढून नवा घालण्याची शक्यता राहते. सीलिंगच्या पोकळीत उंदीर येतात आणि ते प्लास्टिक कुरतडतात. स्लीव्हने थोडा वेळ मिळतो, पण शाफ्टकडून येणारी भोकं सिमेंटने बुजवणं हाच उपाय. १६ मिमी बहुपदरी पाइप हाताने ८ सेंटिमीटरच्या त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नका, आत स्प्रिंग घालून साडेसहापर्यंत. साध्या पेक्सला १३ सेंटिमीटर धरा. मुरगळला तर तेवढा भाग कापून टाका. बहुपदरी पाइप मुरगळल्यावर सरळ केला तरी आतला ॲल्युमिनिअम फाटलेला असतो. क्लिपा प्लास्टिकच्या, ५०-६० सेंटिमीटरवर. वाकवलेले खिळे आणि बांधकामाची तार, दोन्ही बंद. गुंडाळ्या आल्यापासून सावलीत ठेवा, महिनाभर गच्चीवर उन्हात पडलेला पाइप लावू नका.

नळामागचा एल्बो कानांचा घ्या आणि दोन स्क्रूंनी भिंतीला किंवा पट्टीला घट्ट बांधा. मिक्सरसाठी १५० मिमी अंतरावर दोन भोकांची तयार पट्टी मिळते, ती वापरा. मोकळा एल्बो नुसत्या सिमेंटने धरला तर नळ आवळताना पाइपासकट फिरतो, आणि सगळा जोर त्या एकुलत्या एक भिंतीतल्या सांध्यावर येतो. आट्यांवर टेफ्लॉन पुरे, ढीगभर धागा गुंडाळून पाना मारायची गरज नाही.

गिलाव्याआधीची चाचणी स्वतः पाहा. गीझर, सोलर आणि पंप तोडून सगळी तोंडं डमीने बंद करा, पाणी हळू भरून हवा काढा आणि हातपंपाने १० बार चढवा. पहिल्या अर्ध्या तासात प्लास्टिक ताणतं म्हणून काटा खाली येईल. घाबरू नका, दहा-दहा मिनिटांनी दोनदा परत १० वर आणा. त्यानंतरच्या अर्ध्या तासात ०.६ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये, आणि पुढच्या दोन तासांत ०.२ बारपेक्षा जास्त नाही. ही चाचणी सकाळी घ्या. भर उन्हात पाणी तापून काटा फसवतो. पास झाल्यावर पाणी काढू नका. ३ बार दाब आणि गेज तसाच ठेवून गिलावा आणि टाइल्स होऊ द्या. कुणाचा खिळा किंवा ड्रिल पाइपात गेला तर काटा त्याच क्षणी शून्यावर येईल आणि माणूस अजून तिथेच उभा असेल. टाइल्स बसल्यावर कळलं तर कुणीच कबूल होत नाही.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीवर टेप धरून, फरशीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असा. मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर कुठला नळ ते न पुसणाऱ्या शाईने लिहा. आणि घरात राहायला गेल्यावर ते छोटे व्हॉल्व्ह सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद-पूर्ण उघडे करत जा. बोअरच्या पाण्यात न हलवलेला व्हॉल्व्ह क्षाराने जखडतो आणि गरजेच्या दिवशी हातात तुटून येतो. अर्धवट उघडा ठेवून त्याने धार कमी करू नका, त्यासाठी खालचा अँगल कॉक आहे.

तुमच्या प्लंबरने प्रेस मशीन कधी हाताळलं नसेल तर कंपनीचा माणूस बोलावून पहिल्या बाथरूमचं काम त्याच्यासोबत करून घ्या. डीलरला माल घेण्याआधीच ही अट घाला, नंतर फोन उचलले जात नाहीत. आणि तेही जमत नसेल, तर बहुपदरी पाइपाचा हट्ट सोडा. हीच आखणी, म्हणजे बाथरूममागे वरच्या बाजूला एक इंची हेडर (जाड आडवा पाइप), त्यावर प्रत्येक लाइनचा बॉल व्हॉल्व्ह आणि खाली उतरणारे वेगळे पाऊण इंची पाइप, सीपीव्हीसीमध्येही करता येते. प्रत्येक उभ्या पाइपाला खाली एकच एल्बो लागतो. भिंतीतले सांधे तिथेही निम्म्याहून कमी होतात, पोकळी १८ मिमी मिळते, आणि काम तुमच्या प्लंबरच्या रोजच्या हातातलं राहतं.